टेस्ट म्हणून दिलेलं काम आणि माझी ओपन फाइल

मी नागपुरात बीएफए अप्लाइड आर्टच्या (उपयोजित कलेच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या मागच्या वर्गांतल्या मुलामुलींनी हे वाचावं, कारण मला फसवणारा माणूस अजून याच शहरात मुलांना ‘टेस्ट’ देत फिरतो आहे.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास इन्स्टाग्रामवर मेसेज आला. पॅकेजिंग स्टुडिओला ज्युनिअर डिझायनर हवी, तुमचं लेटरिंग (अक्षरांचं रेखाटन) आवडलं, पगार 18,000, डिग्री झाली की रुजू व्हा. भेट धरमपेठेत, लक्ष्मीभवन चौकाजवळच्या एका कॅफेत झाली. ऑफिसचं काम सुरू आहे, म्हणून बाहेर भेटतोय, असं त्यांनी सांगितलं. गृहस्थ पन्नाशीचे, बोलणं गोड, दर वाक्याला ‘बेटा’. माझ्या स्केचबुकचं एकेक पान त्यांनी थांबून थांबून पाहिलं. इतकं मन लावून माझं काम तोवर कुणी पाहिलं नव्हतं. मी त्याच टेबलावर विश्वास टाकून मोकळी झाले.

टेस्ट होती संत्रा बर्फीच्या अर्धा किलोच्या डब्याची. मुदत आठ दिवस.

तो ब्रीफ, म्हणजे कामाच्या सूचना, आज वाचला की अंगावर काटा येतो, कारण सगळं त्यातच लिहिलेलं होतं. डब्याची नेमकी डायलाइन, म्हणजे कापायच्या-घडीच्या रेघांचा आराखडा, दिली होती, चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, मागितलं होतं. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक होता, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, बारकोड आणि एमआरपीची जागा आखून दिली होती. हात कसा आहे एवढंच पाहायचं असेल तर खरा परवाना क्रमांक कशाला लागतो? आणि शेवटची ओळ: ‘सीएमवायकेमध्ये, लेयर न जोडता, ओपन फाइल पाठवणे.’ टेस्टला जेपीजी पुरते. सीएमवायके हे छपाईचे चार रंग, आणि ओपन फाइल म्हणजे प्रत्येक भाग सुटा असलेली, बदलता येणारी मूळ फाइल. ती लागते छापखान्याला.

मी चार रात्री फक्त ‘संत्रा’ या शब्दावर बसले. ‘त्र’ची तिरकी रेघ खाली ओढून तिचं पान केलं. आठव्या दिवशी फाइल पाठवली. ‘मॅनेजमेंट बघतंय, बेटा’ असं दोन आठवडे चाललं, मग मेसेजवर निळी खूण येणं बंद झालं. मला वाटलं, आपलंच काम कमी पडलं. महिनाभर मी लेटरिंगला हात लावला नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी आईसोबत बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, गेले होते. मिठाईच्या दुकानात काउंटरवर डब्यांची चळत, आणि वरच्याच डब्यावर माझा ‘त्र’. शिरोरेषेत ‘सं’ आणि ‘त्रा’ यांच्या मध्ये केसाएवढी फट राहिली होती, घाईत मी ते दोन आकार जोडायला विसरले होते. ती फटसुद्धा तशीच छापली होती. दुकानमालकांना विचारलं तर ते गोंधळले. त्यांनी डिझाइनचे 40,000 रुपये मोजले होते, बिल काढून दाखवलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

महाल भागात माझ्या काकांचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्यांना सांगितलं तर आधी एवढंच म्हणाले, “ओपन फाइल देऊन टाकली का तू? पैसा हाती आल्याबिगर सीडीआर कोणाले द्याची नसते, बाई.” सीडीआर म्हणजे कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची ओपन फाइल. तीस वर्षांच्या धंद्यात ते प्रूफ (छपाईआधीचा नमुना) नेहमी कमी रिझोल्यूशनचं, वर वॉटरमार्क टाकूनच पाठवतात. कॉलेजात आम्हाला ग्रिड शिकवली, टायपोग्राफी शिकवली. हे मात्र कुणी शिकवलं नाही. तिसऱ्या वर्षाला याचा एक तास तरी असायलाच हवा, असं मी आमच्या मॅडमनाही सांगितलं.

मग विचारपूस केली. तीन कॉलेजांतले आम्ही सात जण फसलेले निघालो. एकाने कॅरीबॅग केली होती, एकीने दिवाळीच्या पोस्ट, दोघांनी चिवड्याचं पाऊच. प्रत्येकाला तोच पगार, तोच कॅफे. एका मुलाकडून लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून 5,000 ऑनलाइन घेतले होते. त्याला 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर असतो हे माहीतच नव्हतं, फोन केला तोवर महिने उलटले होते. पैसे गेले की त्याच तासात तिथे फोन करायचा असतो.

आम्ही सल्ला घेतला त्या वकील मॅडमनी एक गोष्ट समजावली ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक ती करणारा असतो. नोकरीत केलेल्या कामाचं वेगळं, पण आम्ही कुणाच्या नोकरीत नव्हतो आणि पैसाही घेतला नव्हता. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. आम्ही कुठेच सही केली नव्हती. कच्ची स्केचेस, तारखांसकट फाइली, पाठवलेले मेल हे सगळं पुराव्याला लागतं. माझी स्केचबुकं होती म्हणून बरं. दोघांनी चॅट रागात डिलीट केलं होतं.

आम्ही सातही जणांनी मिळून त्या माणसाला नोटीस पाठवली आहे. बिलावरचा पत्ता बंद गाळ्याचा निघाला, आता पोलिसांत अर्ज दिला आहे. मागच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला तिचा फोन दाखवला. नाव वेगळं, ‘बेटा’ तेच, आणि टेस्ट सोनपापडीच्या डब्याची. तिने फाइल अजून पाठवली नव्हती.