गंधकाचं पॉलिमर: डीआयबी घ्यावं की खाद्यतेल?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गंधकाचं पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचा पदार्थ, करताना गंधकाला जोड कशाची द्यावी, डीआयबीची (डायआयसोप्रोपेनिलबेंझीन या रसायनाची) की खाद्यतेलाची, असं एका विद्यार्थिनीने विचारलंय.

मूळ कृती एकच. गंधक १५९ अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलं की आठ अणूंचं कडं तुटतं, पिवळा रस लालसर होतो आणि दुहेरी बंध असलेला जोडीदार ती मोकळी टोकं बांधून घेतो.

डीआयबीची वाट २०१३ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठात जेफ्री प्युन यांच्या गटाने दाखवली. लाल, काचेसारखं पॉलिमर मिळतं, साच्यात घालता येतं. अवरक्त किरण त्यातून आरपार जातात. पण डीआयबी पेट्रोरसायन, आणि महाग.

तेल स्वस्त, तळणीचं उरलेलंही चालतं. ऑस्ट्रेलियात जस्टिन चाल्कर यांच्या गटाने कनोला तेलावर हे करून दाखवलं. आधी तेल गंधकावर वेगळं तरंगतं, म्हणून ढवळणं जोरदार हवं. मग मिश्रण घट्ट होत तपकिरी रबर बनतं. मिठाची पूड मिसळून नंतर धुऊन काढली की ते सच्छिद्र होतं आणि पाण्यातला पारा धरून ठेवतं. मात्र पुन्हा विरघळत नाही.

तापमान हाताबाहेर गेलं की विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो; फ्यूम हूडशिवाय (वायू बाहेर खेचणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटाशिवाय) दोन्ही नकोच.

भिंगं किंवा लिथियम-सल्फर बॅटरी करायची तर डीआयबी. पाणी शुद्ध करायचं आणि बजेट तुटपुंजं, तर तेलच.