विश्रामबागेतला अल्जेब्राचा क्लास, नियम कडक पण शिकवणं एक नंबर

सांगलीत कॉलेजच्या पोरांसाठी चांगला क्लास हाय, माझा धाकटा भाऊ जातो. पहिल्याच दिवशी नियमांचा कागद हातात, मोबाईल बॅगेत, कॉपी केलेल्या गृहपाठाला शून्य. मला आवडलं ते म्हणजे नुसत्या उत्तराला मार्क नाहीत, क्ष वर्ग वजा ५क्ष अधिक ६ बरोबर ० ला २ आणि ३ लिहून भागत नाही, अवयव कसे पाडले ते मांडायचं आणि दोन्ही किमती परत समीकरणात घालून ताळा करायचा. वर्गमूळाच्या गणितात दोन्ही बाजूंचा वर्ग केला की कधीकधी खोटं उत्तर घुसतं, ते ताळ्यातच सापडतं, हे सर लई जीव तोडून सांगतात. फक्त चुकलेली टेस्ट परत घेत नाहीत ते पटत नाही, तासगावकडनं येणाऱ्या पोरांची एसटीच उशिरा आली तर त्यांनी काय करायचं? एक टेस्ट तरी माफ करा की सर.