खेळाडूंसोबत काम करायचंय: फिजिओथेरपी की क्रीडाविज्ञान?

मोठ्या पातळीवरच्या खेळाडूंसोबत काम करायचं, पण प्रशिक्षक व्हायचं नाही, असं ठरलं की आपल्याकडे मुख्यतः दोन वाटा उरतात. एक फिजिओथेरपीची: नीट, बीपीटीएच ही पदवी, पुढे स्पोर्ट्समध्ये एमपीटीएच ही पदव्युत्तर पदवी. दुसरी क्रीडाविज्ञानाची: एक्सरसाइज फिजिऑलॉजी (व्यायामात शरीर कसं चालतं), बायोमेकॅनिक्स (हालचालींचं शास्त्र), क्रीडा आहार किंवा स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग (ताकद आणि दमसास वाढवणं) यांपैकी कशात तरी एमएस्सी. मी बीपीटीएच केलं, काही काळ एका कबड्डी संघाचा फिजिओ होतो आणि मग एमपीटीएचचा फॉर्म न भरता दुसऱ्या वाटेला लागलो. त्यामुळे मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका. फी, जागा, पात्रता वगैरे ज्यानं त्यानं वेबसाइटवर पाहावं.

पोटापाण्याच्या हिशेबात फिजिओथेरपी पुढे आहे, यात वाद नाही. महाराष्ट्रात कौन्सिलची नोंदणी मिळते, २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही हा व्यवसाय आहे. उद्या संघाचं कंत्राट संपलं तर गल्लीत क्लिनिक टाकता येतं. गुडघेदुखीचे पेशंट काही संपत नाहीत. नावामागे ‘डॉ.’ लावायचं की नाही, यावर २०२५ च्या सप्टेंबरात बरंच रण माजलं, पण तो मानाचा प्रश्न झाला. क्रीडाविज्ञानातल्या बहुतेकांना असं कवच नाही. साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रांत फिजिऑलॉजिस्ट, बायोमेकॅनिस्ट, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग एक्स्पर्ट अशी पदं असतात, पण ती बहुतेक कंत्राटी. त्यात चार आठवड्यांचा कोर्स केलेला जिममधला मुलगाही स्वतःला स्ट्रेंथ कोच म्हणवतो आणि त्याला कोणी अडवू शकत नाही. माझ्या आत्याला मी नेमकं काय करतो हे अजून कळलेलं नाही. “म्हणजे पीटीचे सर ना?” असं ती विचारते.

एवढं असूनही मी बाजू बदलली, त्याचं कारण फार भव्य नाही. मला उपचाराच्या टेबलाचा कंटाळा आला.

कबड्डी संघात सराव संपला की पोरं रांगेत. “सर, जरा दाबून द्या ना.” कोणाची पोटरी, कोणाची पाठ. मोठ्या केंद्रांत मालिशवाला वेगळा असतो. आपल्याकडच्या बहुतेक संघांत ते काम न बोलता फिजिओच्या गळ्यात पडतं. तेही चाललं असतं. खरा वैताग पुढचा होता. चढाईपटू मांडी धरून यायचा, हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेलेलं असायचं आणि मागून प्रशिक्षकांचा प्रश्न ठरलेला: “परवा उतरेल ना?” मी विचारायचो, गेल्या आठवड्यात याच्याकडून काय काय करून घेतलं? उत्तर कोणाकडेच नसायचं. गावच्या जत्रेतले सामने खेळून आलेला, तिथून थेट शिबिरात, पहिल्याच दिवशी टेकडीवर पळवलेला. हे सगळं मला टेपिंग करता करता कळायचं. परीक्षण, व्यायाम, मैदानावर परतण्याचे टप्पे हे सगळं मी चांगलं शिकलो होतो, पण माझी पाळी यायची ती खेळाडू लंगडू लागल्यावर.

वजनाचंही तेच. पुरुषांच्या कबड्डीत ८५ किलोची मर्यादा. वजनाच्या आदल्या रात्री पाणी बंद, अंगात जॅकेट चढवून पळणं, तोंडात लिंबू. दुसऱ्या दिवशी सामन्यात पोटरीत गोळा आला की स्प्रे घेऊन धावायचं मी. पॅरिसमध्ये २०२४ ला विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी अपात्र ठरली तेव्हा सगळ्या देशाला वजनाच्या काट्याचा धसका बसला. ते १०० ग्रॅम एका रात्रीत उतरवायचे नसतात. कुठल्या वजनी गटात खेळायचं, हे हंगामाच्या सुरुवातीला ठरतं आणि त्या चर्चेला फिजिओला क्वचितच बोलावतात.

क्रीडाविज्ञानात मला आवडलं ते हेच, की खेळाडू धडधाकट असतानाच भेटतो. साधं उदाहरण देतो. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं विचारायचं, “आजचा सराव ० ते १० मध्ये किती जड गेला?” तो ७ म्हणाला आणि सराव ९० मिनिटांचा असेल, तर ७ गुणिले ९०, म्हणजे भार ६३०. वही आणि पेन पुरतं. आठवड्याची बेरीज अचानक उसळली की प्रशिक्षकांशी बोलायला काहीतरी हातात असतं. या आकड्यांवरून दुखापतीचं भाकीत करता येतं असं मी म्हणणार नाही, त्यावर संशोधकांचंही एकमत नाही. पण माझ्या पाहण्यात तरी, वही उघडली की “काय करून घेतलं?” याला उत्तर मिळतं.

दोन्ही लागतात, हेही खरंच. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर फिजिओ नसता तर टोकियो नसतं. पण २०२१ मधल्या ८७.५८ मीटरच्या त्या फेकीमागे त्याचे प्रशिक्षक क्लाउस बार्टोनिट्झ होते, आणि ते मूळचे बायोमेकॅनिक्सवाले.

क्रीडाविज्ञानाची आपल्याकडची पोकळ बाजूही सांगायला हवी. काही ठिकाणी ट्रेडमिल, मास्क, फोर्स प्लेट सगळं असतं. एक मुलगा पळतो आणि बाकीचा वर्ग प्रिंटआउट बघतो. मशीन अचूक मोजतंय ना हे तपासायचा कॅलिब्रेशनचा गॅस संपलेला असतो ते वेगळंच. असं शिकून मैदानावर गेलात तर कुस्तीचा वस्ताद तुम्हाला दारातूनच चहा पाजून परत पाठवेल.

घरात लगेच पगाराची गरज असेल, किंवा मुळात रुग्ण बरा करण्यातच समाधान मिळत असेल, तर फिजिओथेरपी घ्या, मनात किंतु ठेवू नका. बीपीटीएच झालेलं असेल आणि केवळ पुढची पायरी म्हणून एमपीटीएचकडे बघत असाल, तर मात्र मी जरा थांबायला सांगेन. नोंदणी हातात आहेच, ती कुठे जात नाही. एमएस्सीला बीपीटीएचवाल्यांना बऱ्याच ठिकाणी घेतात. त्याच्या जोडीला शरीराची मोजमापं घ्यायला शिकवणारी आयसॅकची लेव्हल वन किंवा अमेरिकेच्या एनएससीए या संस्थेची, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगची सीएससीएस परीक्षाही देता येते.

फक्त प्रवेश घेण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठा आणि गेल्या हंगामात तो कुठल्या संघाबरोबर होता ते विचारा. तो प्रयोगशाळेतल्या मशीनची नावं सांगू लागला, तर दुसरं कॉलेज बघा.