ठिपका धुळीचा की हॉट पिक्सेलचा? खर्च करण्याआधी हे बघा

फोटोत ठिपका दिसला की अनेकजण थेट कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारा भाग) पुसायच्या काड्यांचं, म्हणजे स्वॅबचं पाकीट मागवतात. आधी ठिपक्याची जात ओळखा. एफ/16 किंवा एफ/22 एवढ्या लहान ॲपर्चरला (लेन्सच्या छिद्राला), फोकस मुद्दाम बिघडवून, मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. कडा विरलेले करडे डाग दिसले आणि एफ/2.8 ला ते गायब झाले, तर ती सेन्सरवरची धूळ. मग लेन्सला झाकण लावून 30 सेकंदांचं एक्सपोजर द्या. काळ्या फ्रेममध्ये लाल-निळे, टोकदार ठिपके चमकले, तर ते हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही चमकणारे सेन्सरचे बिंदू. त्यांना ॲपर्चरशी काही देणंघेणं नाही. सेन्सर तापला की ते वाढतात.

धुळीला पहिला उपाय रबरी ब्लोअर. स्वस्त, आणि सुट्या धुळीला बहुतेक वेळा पुरतो. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा, म्हणजे उडालेली धूळ परत आत बसत नाही. डब्यातली दाबाची हवा मात्र नकोच. तिच्यातलं द्रव्य काचेवर उडालं तर डाग पडतो. तोंडाने फुंकर घालणाऱ्यांना काय बोलावं!

परागकण किंवा तेलाचा शिंतोडा ब्लोअरला दाद देत नाही. तिथे ओला स्वॅब: फुल फ्रेम सेन्सरला 24 मिमी, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरला 16 मिमी रुंदीचा. द्रावणाचे दोनच थेंब, एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग स्वॅबच्या दुसऱ्या बाजूने परत, आणि तो फेकून द्यायचा. आपण पुसतो ती सेन्सरपुढची फिल्टरची काच, त्यामुळे धास्ती घेऊ नका. पण बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर डीएसएलआरचा वर उचललेला आरसा मध्येच खाली येईल. फोटोत वर असलेला डाग सेन्सरवर खाली असतो, डावं-उजवं मात्र समोरून बघताना तेच राहतं. हात थरथरत असेल तर सर्व्हिस सेंटरचे पैसे वसूल आहेत.

हॉट पिक्सेल पुसून जात नाहीत. रॉ फाइलमधले (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमधले) सुटे ठिपके बरीच सॉफ्टवेअर आपोआप झाकतात. जेपीईजी काढत असाल तर लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू करा. कॅमेरा तेवढ्याच वेळाची काळी फ्रेम घेऊन ठिपके वजा करतो. म्हणजे 30 सेकंदांच्या फोटोला एक मिनिट. हरिश्चंद्रगडावर ताऱ्यांच्या रेषा टिपताना ते बंदच ठेवा, रेषा तुटतात. मेन्यूत पिक्सेल मॅपिंग (कॅमेरा स्वतःच खराब पिक्सेल शोधून झाकतो ती सोय) असेल तर तोच पर्याय सगळ्यात सोयीचा, शिवाय फुकट. मॅपिंगनंतरही 1/125 सेकंदाच्या साध्या फोटोत ठिपका राहिला, तर वॉरंटी संपायच्या आत कॅमेरा दाखवून घ्या.