'मिडनाइट'ला तोड नाही, आणि 'द वेल'वरून फॅन लोक का भांडतायत

'मिडनाइट' आणि 'द वेल' हे 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेचे दोन एपिसोड, दुसरा म्हणजे पहिल्याचाच २०२५ मधला पुढचा भाग. आधीच सांगतो, खाली स्पॉयलर भरपूर आहेत. 'मिडनाइट' २००८ चा आहे म्हणजे आता लपवण्यासारखं काही नाही म्हणा, पण कोणाचा बघायचा राहिला असेल तर आधी बघून या, पाऊण तासाचाच आहे आणि मागचं-पुढचं काही माहीत नसलं तरी अडत नाही. 'डॉक्टर हू' म्हणजे निळ्या खोक्यात बसून काळात नि अवकाशात भटकणारा एक परग्रहवाला, एवढं कळलं की झालं. गंमत म्हणजे या एपिसोडात ते खोकंच नाही, १९७५ च्या 'जेनेसिस ऑफ द डालेक्स'नंतर टार्डिस, म्हणजे ते निळं खोकं, अजिबात न दिसलेली ही पहिलीच गोष्ट.

तर मिडनाइट हा एक ग्रह. सगळा हिऱ्यांचा, आणि त्याच्या सूर्याचं एक्स-टॉनिक ऊन असं की उघड्यावर गेलात की राख. त्यामुळे तिथे कोणी राहत नाही, राहूच शकत नाही, फक्त काचेआड एक आलिशान रिसॉर्ट आहे. डॉक्टरबरोबर भटकणारी त्याची मैत्रीण डॉना तिथेच पूलपाशी पडून राहते आणि डॉक्टर एकटाच 'क्रूसेडर ५०' नावाच्या बसमधून नीलमण्यांचा धबधबा बघायला निघतो, चार तासांचा प्रवास. (डॉना जवळजवळ नाहीच कारण कॅथरीन टेट त्याच वेळी 'टर्न लेफ्ट'चं शूटिंग करत होती, दोन एपिसोड समांतर चालले होते. पण हे जे नाइलाजाने झालं ना त्यानेच एपिसोड तरला असं माझं मत. डॉना बसमध्ये असती तर तिने दोन मिनिटांत सगळ्यांना झापून गप्प केलं असतं आणि डॉक्टरची बाजू घेणारं कोणीतरी असतं, मग गोष्टच संपली.)

आता मला सगळ्यात आवडलेली जागा, जिच्याबद्दल लोक फार बोलत नाहीत. बस सुटल्यावर एकदम तीन-चार स्क्रीन सुरू होतात, गाणी काय, कार्टून काय, नुसता कलकलाट, आणि डॉक्टर गुपचूप सॉनिक स्क्रूड्रायव्हरने (त्याचं ते सगळीकडे चालणारं हत्यार) ते सगळं बंद पाडतो, का, तर चार तास आहेत, एकमेकांशी बोलूया. आणि सगळे बोलतात पण, छान हसतखेळत, प्रोफेसर हॉब्स लेक्चर देतात, कुटुंबवाले किस्से सांगतात. म्हणजे बसमधलं वातावरण डॉक्टरने स्वतःच्या हाताने तयार केलेलं आहे, त्याचा विश्वासच तो, माणसं बोलायला लागली की सगळं ठीक होतं. आणि पुढे बरोब्बर बोलणंच त्याचा घात करतं. हे पहिल्यांदा बघताना लक्षात येत नाही, दुसऱ्यांदा बघताना तो सीन हसत बघवत नाही.

मग बस थांबते, बाहेरून कोणीतरी ठोठावतं, जिथे कोणी असूच शकत नाही तिथे. ड्रायव्हरची केबिनच उडून जाते. आणि स्काय नावाची बाई मान वळवून बघते आणि जो जे बोलेल ते परत बोलायला लागते. एवढंच! ना मेकअप, ना रबराचा राक्षस, फक्त लेस्ली शार्पचे ते न हलणारे डोळे. आधी ती मागून बोलते, मग सगळ्यांच्या बरोबरीने बोलते, डॉक्टर पायच्या वर्गमुळाचे आकडे १.७७२४५३८५० असे धडाधड म्हणत सुटतो तर तीही त्याच वेगात त्याच्याबरोबर, आणि मग एका क्षणी ती पुढे आणि डॉक्टर तिच्या मागून. तो क्षण नेमका कधी येतो ते कान देऊन ऐकावं लागतं. डेव्हिड टेनंट हा दहावा डॉक्टर (डॉक्टर तोच, नट बदलत राहतात), ज्याचं तोंड कधी बंद नसतं, तो तिथे गुडघ्यावर थिजून दुसऱ्याचे शब्द बोलतोय, त्याला बसमधून बाहेर फेका असं त्याच्याच तोंडून निघतंय... बाप रे.

आता फॅन लोकांची मतं. एक गट म्हणतो बोअर आहे, एका डब्यात आठ माणसं नुसती ओरडतात, याला काय सायन्स फिक्शन म्हणायचं, पैसे वाचवायला काढलेला एपिसोड. पैसे वाचले असतील, मला काय त्याचं? दुसरा गट म्हणतो प्रवासी फारच पटकन जंगली होतात, इतकी साधी माणसं अर्ध्या तासात कोणाला मारायला निघतील का. हे मला अजिबात पटत नाही. स्क्रिप्ट नीट बघा, रसेल टी डेव्हिसने एकेक पायरी दिलीय, आधी फक्त बाईला बाहेर टाकायची चर्चा, मग डॉक्टर विरोध करतो म्हणून तोच संशयित, मग तू कोण, नाव काय, तर हा सांगतो जॉन स्मिथ, आणि कोणालाच पटत नाही. पटेलच कसं? एरवी डॉक्टर कुठेही घुसतो, मोठ्याने दोन वाक्यं फेकतो आणि लोक त्याचं ऐकतात, आपल्यालाही इतकी वर्षं ते चालून गेलंय. इथे लोक विचारतात की तुझं का ऐकायचं, आणि तो म्हणतो कारण मी हुशार आहे. झालं, तिथेच गाडी फिसकटली. त्यामुळे चूक डॉक्टरचीच होती म्हणणारा जो तिसरा गट आहे त्यांच्याशी मी अर्धा सहमत. अर्धाच, कारण हात धरून ओढत नेणारे ते प्रवासीच नव्हते का?

आणि व्हॅल. लिंडसी कूलसनने केलेली ती आई. शेवटी सगळं संपल्यावर ती हळूच म्हणते की मी म्हटलंच होतं ती बाईच आहे म्हणून, आणि डॉक्टर तिच्याकडे फक्त बघतो. संपूर्ण मालिकेत मला एवढा राग कुठल्या डालेकचा, म्हणजे डॉक्टरच्या जुन्या कट्टर शत्रूचाही, आला नाही.

सगळ्यांना वाचवते ती बसची होस्टेस (राकी अयोला), जी सुरुवातीला शेंगदाणे नि स्लीपर वाटत फिरत असते. स्काय डॉक्टरचे नेहमीचे पेटंट शब्द 'आलॉन्झी', 'मोल्तो बेने' बोलायला लागते तेव्हा हिच्या डोक्यात प्रकाश पडतो की हा आवाज चोरलाय, आणि ती स्कायला धरून दरवाजा उघडते, सहा सेकंद, खलास. नंतर डॉक्टर विचारतो तिचं नाव काय होतं, कोणालाच माहीत नसतं. काही जणांना हे रडवण्यासाठी घुसडल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं, कारण डॉक्टरनेही विचारलं नव्हतं ना! सगळ्यांशी गप्पा मारणाऱ्याने.

आता 'द वेल'. २६ एप्रिल २०२५ ला आला, शुटी गाटवा डॉक्टर, वरादा सेठू त्याची सोबतीण बेलिंडा. खाणीत सगळे मेलेत, एकटी ॲलिस वाचलीय, आणि तिच्या पाठीमागे काहीतरी आहे, बरोबर पाठीमागे जो जाईल तो मेला. रोझ एलिंग-एलिस या कर्णबधिर अभिनेत्रीने ॲलिस केलीय, फार सुंदर. मध्यावर डॉक्टरला कळतं की हा चार लाख वर्षांनंतरचा तोच मिडनाइट ग्रह, आणि त्याचा चेहरा पडतो. त्या सीनला माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण नंतर विचार केला तर काटा जुन्या एपिसोडच्या जोरावर आला होता. हा प्राणी आता आवाज चोरत नाही, पाठीमागे उभा राहतो, म्हणजे नियमच वेगळे. तो उत्क्रांत झाला असेल असं फॅन समजावतात, असेल बुवा. माझी तक्रार वेगळी आहे. आवाज चोरणारा राक्षस तुमच्याकडे तयार आहे, आणि समोर अशी बाई जी हातांनी बोलते, हे दोन एकमेकांसमोर आणायचे सोडून त्याला नुसतं पाठीमागे लपवलं? यातून केवढं काय निघालं असतं. दुसऱ्या नावाच्या ग्रहावर हीच गोष्ट घडली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

मिडनाइट पाचपैकी पाच, द वेल साडेतीन. मिडनाइट हेडफोन लावून बघा आणि जमलं तर सबटायटल बंद ठेवा, कारण कोण आधी बोललं नि कोण नंतर हे खाली लिहून आलं की अर्धी मजा गेली. द वेलला मात्र चालू ठेवा, तिथे सैनिकांच्या अंगावरच्या स्क्रीनवर ॲलिससाठी अक्षरं उमटत असतात आणि ती कधी गायब होतात तेही बघण्यासारखं आहे.