थ्री-बॉल स्पायरोमीटर: गोळे नव्हे, सेकंद मोजा

फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट चिठ्ठीवर ‘स्पायरोमीटर’ लिहून देतात आणि नातेवाईक खालच्या मेडिकलमधून लहान मुलाच्या खेळण्यासारखं दिसणारं एक खोकं घेऊन वर येतो. आत तीन उभे पारदर्शक कप्पे, प्रत्येकात एक हलका गोळा, वळ्यावळ्यांची नळी आणि तोंडात धरायचं माउथपीस. दोनशे ते चारशे रुपयांत मिळतं. छापील किंमत बरेचदा याहून जास्त असते, तेव्हा भाव विचारायला लाजू नये. वस्तू कामाची आहे. मात्र सोबतच्या कागदावर वापरायची रीत इतकी त्रोटक असते की ती चुकायला वेळ लागत नाही.

आधी हे कशासाठी, ते बघू. निरोगी माणूस तासाभरात नकळत अनेकदा मोठा उसासा टाकतो आणि त्याने फुप्फुसाच्या तळाचे वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, उघडे राहतात. भुलीनंतर, त्यात बरगड्यांमधून चीर दिलेली असली की, पेशंट दुखण्याच्या भीतीने वरवरचा श्वास घेतो. उसासे बंद होतात, तळाचे वायुकोश मिटतात, कफ साचतो आणि मग ताप, न्यूमोनिया. तो हरवलेला उसासा मुद्दाम घ्यायला लावायचा, या विचारातून १९७० च्या दशकात अमेरिकी सर्जन रॉबर्ट बार्टलेट यांनी अशा उपकरणाचा पाया घातला.

आता कप्प्यांवरचे आकडे वाचा: ६००, ९००, १२००. हे सीसी (म्हणजेच मिली) दर सेकंदाचे आहेत, म्हणजे तो गोळा उचलायला लागणारा श्वासाचा वेग. श्वास किती आत गेला ते हे आकडे सांगत नाहीत. सगळी गडबड इथेच होते. पेशंटने झटक्यात ओढून तिन्ही गोळे अर्धा सेकंद उडवले, तर आत गेली जेमतेम ६०० मिली हवा, नेहमीच्या श्वासापेक्षा थोडीशीच जास्त. त्याच पेशंटने सावकाश ओढून एकच गोळा ३ सेकंद वर ठेवला, तर गेली १८०० मिली. नातेवाईक मात्र पहिल्यावर टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्याला म्हणतात, “एवढंच? तिसरा उचला ना!” पहिले काही दिवस तिसऱ्या गोळ्याचं नावही काढू नका. पहिला गोळा वर आणि दुसरा तळाशीच, असं जमलं की उत्तम.

वेळ निवडताना दुखण्याचं औषध दिल्यावर अर्ध्या तासाने बसा. दुखत असताना कोणीही खोल श्वास घेत नाही. पेशंट पलंगावर खाली घसरलेला असेल, तर पोट वर ढकललं जातं आणि श्वास अडतो. सिस्टर किंवा मामांच्या मदतीने त्याला वर सरकवा, पण ऑपरेशनच्या बाजूचा हात धरून ओढू नका. पाठीमागे उशी. कवळी असेल तर ती लावा, नाहीतर ओठांच्या फटीतून हवा शिरते. उपकरण डोळ्यांसमोर सरळ उभं धरा. तिरपं झालं की गोळे सहज चढतात आणि फसवतात.

मग साधा श्वास सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि ओढायचं. फुंकायचं नाही! घट्ट लस्सी स्ट्रॉने ओढतो तसं, असं सांगितलं की बहुतेकांना कळतं. पूर्ण ओढून झाल्यावर माउथपीस काढून ३ ते ५ सेकंद श्वास रोखायचा आणि हळू सोडायचा. ओढणं थांबलं की गोळा खाली पडणारच, तो पडला म्हणून हिरमुसायचं कारण नाही. गोळा हलतच नसेल तर आधी नळीचं टोक बघा. ते खालच्या तोटीत अर्धवटच बसवलेलं असतं.

तुमचा तळहात पेशंटच्या खालच्या बरगड्यांवर बाजूने ठेवा. बरगड्या हाताला बाहेर ढकलायला हव्यात. खांदे कानांकडे जात असतील तर श्वास वरवरचा आहे.

जागेपणी दर तासाला साधारण १० श्वास, प्रत्येकानंतर थोडी विश्रांती. सलग घेतले की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात; तसं झालं तर थांबा. नाकातल्या नळीने ऑक्सिजन चालू असेल तर तो तसाच राहू द्या. मास्क असेल तर सिस्टरना विचारल्याशिवाय काढू नका.

दहा श्वासांनंतर खोकला हवाच, नाहीतर सुटलेला कफ तिथेच राहतो. घडी केलेला टॉवेल किंवा लहान उशी जखमेवर घट्ट दाबून धरा आणि पेशंटला थोडं पुढे वाकवा. जोरात खोकवत नसेल तर तोंड उघडून ‘हाऽ’ करायला सांगा, चष्म्याची काच पुसण्याआधी करतो तसं.

छातीतली हवा-रक्त बाहेर काढणारी नळी असेल तर तिला जोडलेली पाण्याची बाटली कायम छातीच्या पातळीखाली. पाणी श्वासाबरोबर वरखाली होणं ठीक. खोकताना बुडबुडे येऊ शकतात. बुडबुडे अचानक खूप वाढले, पाण्याची हालचाल एकाएकी थांबली, धाप लागली, ताजं रक्त पडलं किंवा गळ्याखालची त्वचा फुगून दाबल्यावर करकर वाजली, तर लगेच सिस्टरना बोलवा. नळीला स्वतः चिमटा लावू नका. उपकरण उलटं धरून फुंकायचा व्यायाम कुणी सुचवेल. फुप्फुसाच्या टाक्यांवर दाब नको, म्हणून सर्जनने सांगितल्याशिवाय तो करू नये. एक संपूर्ण फुप्फुस काढलेलं असेल तर कोणताही व्यायाम, अगदी कुशीवर झोपणंसुद्धा, विचारूनच.

मिलीलिटरची पट्टी आणि वर चढणारी चकती असलेलं दुसरं मॉडेल मिळतं. बरंच महाग, पण थेट हवेचं प्रमाण दाखवतं, त्यामुळे वर सांगितलेली फसवणूक त्यात होत नाही. परवडत असेल तर तेच घ्यावं आणि शक्यतो ऑपरेशनच्या आधीच घ्यावं, म्हणजे आधीचा आकडा लिहून ठेवता येतो.

कोणतंही मॉडेल चालण्याची जागा घेत नाही. फुप्फुसाच्या ऑपरेशनबद्दलच्या २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांचा भर पहिल्या २४ तासांत पेशंटला हलवण्यावर आहे. खाटेवर बसून गोळे उडवले म्हणून वॉर्डातली फेरी माफ होत नाही.

धुताना फक्त माउथपीस आणि नळी, तीही साबणाच्या कोमट पाण्याने, आणि पूर्ण वाळवून. उकळू नका, प्लास्टिक वाकडं होतं. गोळ्यांचा कप्पा पाण्याखाली धरला तर आत ओल राहते आणि गोळा भिंतीला चिकटतो. मग पेशंटचा दम कमी झाला असं वाटून सगळे उगाच घाबरतात. आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला ‘तात्पुरतं’ द्यायचं नाही, कितीही वाईट वाटलं तरी.