कंबरदुखीचं 'दुहेरी' यंत्र : 20,340 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

यंत्र 18,500, जादा पॅडचे दोन जोड 1,200, परत पाठवण्याचं कुरियर 640. एकूण 20,340 रुपये. टेन्सचा करंट (कातडीवर पॅड लावून दुखणं कमी करायला दिलेले विजेचे हलके ठोके) आणि लाल प्रकाश एकाच पॅडमधून, असं सांगून विकलं. शिबिरात वीस मिनिटांत बरं वाटलं, हे खरं आहे. टेन्स चालू असेतोवर दुखणं बोथट होतं, म्हणून तर डेमो तेवढाच ठेवतात.

खटकायला हवं होतं ते तिथेच. पत्रकावर प्रकाशाची तरंगलांबी 850 नॅनोमीटर छापलेली आणि दिवे लालभडक! 850 चा प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो. असा लाल दिसतो तो 630-660 चा. त्याहून संताप याचा, की दिवे आणि कातडी यांच्यामध्ये काळं कार्बन-रबर होतं. त्यातून प्रकाश आत जाणार कसा? पण पॅड कंबरेला लावलेला, माणूस पालथा झोपलेला. रात्र रात्र झोप नसलेल्याने तिथे काय काय तपासायचं?

घरी दोन्ही पॅड एकाच हाताला, कोपराखाली लावून पाहिलं. 2 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दोन, सुटे ठोके जाणवायला हवेत, 100 ला सलग मुंग्या. बटण कुठेही फिरवा, मुंग्या त्याच. साधं टेन्स याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतं, आणि त्यात वारंवारता खरोखर बदलते. प्रकाशाची ताकद, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॉट, कुठेच लिहिलेली नव्हती. तो आकडा नसेल तर डोस काढताच येत नाही. खोक्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांकही नव्हता. तो आधी बघा. पेसमेकर आहे का, हे तिथे एकालाही विचारलं नाही. हे तर जिवावरचं आहे.

मदत क्रमांकावर उत्तर मिळालं, "वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली?" एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. तीन फेऱ्या, तीन अर्ज, आणि पोच फक्त एकाची! कंबर धरून तासभर बाकावर बसवल्यावर सांगतात, साहेब रजेवर आहेत.

रोख देऊ नका, पक्कं बिल घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, थेट तिथेच जा. आणि "परत पाठवा, पैसे देतो" म्हणाले तरी यंत्र हातचं सोडू नका. मी सोडलं. आता प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न येतो, "यंत्र कुठे आहे?"